पान्हा, फुंकर आणि बाळगोळी

जोगेश्वरीत आमच्या चाळीमागे म्हशींचा तबेला होता. सुट्टीच्या दिवसांत पहाटे आजोबांचं बोट धरून, हातात किटली घेऊन मी दूध आणायला जायची. दूध काढणारे भैया कधीही थेट कासेला हात घालत नसत. आधी रेडकू सोडायचे. ते ढुशा द्यायचं, दोन-चार घोट चोखायचं, म्हैस मान वळवून त्याला हुंगायची, आणि मिनिट-दोन मिनिटांत सैल पडलेली कास टच्च भरायची. "आला पान्हा," आजोबा म्हणायचे. मग रेडकाला बाजूला बांधून बादलीत धारा सुरू व्हायच्या. एकदा नेहमीचे भैया गावाला गेले होते आणि बदली माणूस आला होता. त्याच्या हाताला म्हशीनं थेंब दिला नाही. "पान्हा चोरला तिनं," आजोबा म्हणाले आणि आम्ही रिकामी किटली घेऊन परतलो. आणखी एका म्हशीचं रेडकू मेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलेलं मी पाहिलं आहे. ती त्याला चाटत राहायची आणि दूध द्यायची. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आज मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मेंदूतल्या पेप्टाइड संप्रेरकांचा, म्हणजे छोट्या माळेसारख्या रेणूंच्या हार्मोन्सचा, धडा आला की फळ्यावर आकृती काढण्याआधी मला तो तबेला आठवतो. या विषयातल्या कितीतरी गोष्टी तिथे रोज पहाटे डोळ्यांसमोर घडत होत्या. आणि मोबाइलवर 'हॅपी हार्मोन्स'चे जे तक्ते फिरतात, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम, एंडॉर्फिन म्हणजे आनंद, ते पाहून मला खरोखर राग येतो. एका रेणूला एक भावना चिकटवून टाकली की सगळं समजल्याचं समाधान मिळतं आणि हातात काहीच उरत नाही. म्हणून जरा निवांत, मुळापासून सांगते.

पान्ह्यापासूनच सुरुवात करू. म्हशीचं बहुतेक दूध कासेतल्या अगदी बारीक पोकळ्यांमध्ये अडकलेलं असतं. नुसता सड पिळून ते खाली येत नाही. त्या पोकळ्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींचं जाळं असतं, ते आवळलं गेलं तरच दूध खाली उतरतं. आवळण्याचा हुकूम मेंदूतून येतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. तिथल्या चेतापेशी ऑक्सिटोसिन तयार करतात, आपल्या लांब तंतूंतून ते पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात आणून साठवतात, आणि वेळ आली की रक्तात सोडतात. रक्तातून ते कासेपर्यंत पोहोचतं. माणसाच्या आईचं दूधही असंच उतरतं, आणि बाळंतपणात गर्भाशयाच्या कळा वाढतात त्याही याच ऑक्सिटोसिननं. पीयूषिकेच्या अर्कानं गर्भाशय आकुंचन पावतं हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवलं. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये हा रेणू प्रयोगशाळेत जसाच्या तसा बनवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

इथवर हे नळ आणि तोटीचं गणित वाटेल. पण तोटी उघडली कशानं? रेडकाच्या वासानं, त्याच्या ढुशांनी, ओळखीच्या माणसाच्या हातानं. आपलं पिल्लू जवळ आहे आणि जागा सुरक्षित आहे, एवढं कळल्यावर मेंदूनं रेणू सोडला. पेंढ्याच्या रेडकापुढेही सोडला. वासाला म्हैस जो अर्थ देते, त्या अर्थाचं रसायनात रूपांतर झालं.

याची उलट बाजूही आपल्याकडे दिसते. काही ठिकाणी म्हशीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून दूध काढतात. तो गैरवापर आहे, तरी चोरून चालतो. इंजेक्शननं दूध उतरतं, पण तेवढ्यानं म्हशीच्या मनात माया दाटत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक गाळणी असते, तिला रक्त-मेंदू अडसर म्हणा हवं तर, आणि रक्तातल्या ऑक्सिटोसिनसारख्या पेप्टाइडांना ती सहसा आत घेत नाही. वागणूक बदलायची तर रेणू मेंदूच्या आत सुटावा लागतो. हे मेंढ्यांवर पाहिलं गेलं आहे. मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देत नाही, शिंगानं ढकलते. १९८०च्या दशकात केंब्रिजच्या संशोधकांनी ऑक्सिटोसिन थेट मेंढीच्या मेंदूतल्या पोकळीत सोडलं, तेव्हा ती परक्या कोकराला चाटू लागली. रेणू तोच. रक्तात असताना तो दूध उतरवतो, मेंदूत सुटला की पिल्लाला जवळ घ्यायला लावतो.

आता पेप्टाइड म्हणजे काय ते सांगते. अमिनो आम्लं हे मणी समजा. आपल्या शरीरात त्यांचे साधारण वीस प्रकार वापरात असतात. शेकडो मण्यांची लांबलचक, गुंडाळलेली माळ म्हणजे प्रथिन. दोन-चार ते काही डझन मण्यांची छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. ऑक्सिटोसिनमध्ये नऊ मणी आहेत. व्हॅसोप्रेसिन नावाचं त्याचं भावंडही नऊ मण्यांचं, आणि दोघांत फरक फक्त दोन मण्यांचा. तेवढ्या फरकावर एक दूध उतरवतं आणि दुसरं मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगतं.

मेंदूत डोपामिन किंवा सेरोटोनिनसारखे लहान निरोपेही असतात. ते चेतापेशीच्या टोकाशी जागच्या जागी तयार होतात, शेजारच्या पेशीला निरोप देतात आणि लगेच परत गोळा केले जातात. पेप्टाइडांचं काम संथ चालतं. पेशीच्या केंद्रकातून नकाशा येतो, त्यावरून एक मोठी माळ ओवली जाते, मग ती ठरलेल्या जागी कापली जाते, तुकडे पिशव्यांत भरले जातात आणि तंतूतून टोकापर्यंत वाहून नेले जातात. एवढं सगळं झाल्यावर, चेतापेशी जोरात आणि लागोपाठ पेटली तर त्या पिशव्या फुटतात. सुटलेलं पेप्टाइड लांबवर पसरतं आणि मिनिटं-मिनिटं टिकतं. मुलांना मी दादर स्टेशनचं उदाहरण देते. शेजारच्याच्या कानात काही सांगणं वेगळं आणि प्लॅटफॉर्मवरची घोषणा वेगळी. घोषणा सगळ्यांच्या कानावर पडते, पण ज्यांना त्या गाडीनं जायचंय तेच हलतात. बाकीचे भजी खात उभे राहतात. कोणत्या पेशीनं हलायचं हे तिच्या अंगावर कोणते ग्राही आहेत त्यावर ठरतं. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची खोबण. त्या आकाराचा रेणू येऊन बसला की पेशीच्या आत पुढचं काम सुरू होतं.

या खोबणींच्या शोधातूनच अफूची गोष्ट उलगडली, आणि त्या गोष्टीत मुंबई आधीपासून आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू मुंबई बंदरात येऊन जहाजांनी चीनला जात असे. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, ते सर जमशेटजी जीजीभॉय चीनशी चालणाऱ्या कापसाच्या आणि अफूच्याच व्यापारात मोठे झाले. अफूतला गुणकारी घटक जर्मन औषधनिर्माता फ्रिडरिश सर्ट्युर्नर यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळा काढला होता आणि स्वप्नांच्या ग्रीक देवावरून त्याला मॉर्फियम हे नाव दिलं होतं, तेच पुढे मॉर्फिन झालं. तो दुखणं कसं थांबवतो, हे मात्र पुढे दीडशेहून जास्त वर्षं कोडंच राहिलं.

१९७३ मध्ये तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी उत्तराचा पहिला भाग सापडला. बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी दाखवलं की मेंदूत मॉर्फिन बसण्याच्या खास खोबणी आहेत. प्रश्न उघड होता. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी आपल्या मेंदूनं जागा का राखून ठेवावी? ती जागा दुसऱ्या कुणाची असणार. शरीराची स्वतःची अफू असणार.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज खाटिकखान्यातून डुकरांचे मेंदू आणत. त्यांचा अर्क काढायचा आणि प्राण्याच्या जिवंत ठेवलेल्या स्नायूच्या तुकड्यावर टाकून पाहायचा, असं काम होतं. गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा विजेच्या धक्क्यानं आकसतो आणि मॉर्फिन टाकलं की ते आकसणं मंदावतं. (मॉर्फिन घेणाऱ्याला बद्धकोष्ठ होतो तो याच कारणानं. पुढे हे कामी येणार आहे.) मेंदूच्या अर्कानंही तसंच होत होतं, आणि मॉर्फिनचा काट असलेलं नॅलॉक्सोन घातलं की परिणाम पुसला जात होता. १९७५ मध्ये ह्यूज आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी हान्स कोस्टर्लिट्झ यांनी तो पदार्थ ओळखला. पाच मण्यांची इवलीशी माळ, दोन प्रकारांत, फरक शेवटच्या मण्याचा. नाव ठेवलं एन्केफॅलिन. पुढच्याच वर्षी चो हाव ली यांनी उंटाच्या पीयूषिका ग्रंथीतून ३१ मण्यांचं बीटा-एंडॉर्फिन काढलं. त्याचे पहिले पाच मणी हुबेहूब एन्केफॅलिनच्या एका प्रकाराचे होते. १९७९ मध्ये अ‍ॅव्हरम गोल्डस्टीन यांनी डायनॉर्फिन शोधलं, त्याची सुरुवात एन्केफॅलिनच्या दुसऱ्या प्रकाराच्या पाच मण्यांनी. एंडॉर्फिन हा शब्दच 'आतलं मॉर्फिन' या अर्थानं घडवलेला आहे. खोबणींचे मुख्य प्रकारही तीन निघाले, म्यू, डेल्टा आणि कप्पा. मॉर्फिन मुख्यतः म्यूवर बसतं. ज्या उंदरांत म्यू-ग्राहीचं जनुकच काढून टाकलं, त्यांचं दुखणं मॉर्फिननं कमी होईना आणि त्यांना मॉर्फिनची चटकही लागेना. हे १९९६ मध्ये दिसलं.

मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. पीयूषिकेत एक मोठी माळ तयार होते, अडीचशेहून जास्त मण्यांची. तिचं नाव प्रोओपिओमेलॅनोकॉर्टिन, थोडक्यात पीओएमसी. ती कापली की एका तुकड्यातून एसीटीएच निघतं, जे अ‍ॅड्रिनल ग्रंथीला ताणाचं संप्रेरक सोडायला सांगतं. दुसऱ्या तुकड्यातून बीटा-एंडॉर्फिन निघतं. संकटाची हाळी आणि वेदनेवरचा उतारा एकाच माळेत ओवलेले आहेत. शरीरानं ही जोडी का जमवली असेल, ते समजायला दहीहंडीला जा.

माझा मामेभाऊ लालबागच्या एका पथकात होता. चौथ्या थरावरून पडला, मनगट मोडलं, आणि तसाच हात छातीशी धरून ढोलावर नाचत राहिला. संध्याकाळी घरी येऊन पंख्याखाली बसला तेव्हा कळवळून ओरडायला लागला. हाड सकाळीच मोडलं होतं, वेदना संध्याकाळी आली. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरांनी इटलीतल्या आघाडीवर हेच पाहिलं होतं. गंभीर जखमी सैनिकांतले बहुतेक जण विचारलं तरी वेदनाशामक नको म्हणत होते. मधल्या मेंदूत एका नळीभोवती करड्या पेशींचा पट्टा असतो. तिथे एन्केफॅलिन आणि एंडॉर्फिन सुटली की तिथून खाली मेरुरज्जूकडे हुकूम जातो, आणि हातातून वर येणारी वेदनेची वार्ता मेरुरज्जूच्या दारातच दाबली जाते. पळून जायचंय किंवा लढायचंय तेव्हा दुखत बसणं परवडत नाही. धोका टळला की दार उघडतं. इथेही रक्तातल्या एंडॉर्फिनवर फार भिस्त ठेवू नका, तीच गाळणी आड येते. वेदनेवर काम करतं ते मेंदूच्या आतल्या पेशींनी सोडलेलं.

मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ संपल्यावर धावणाऱ्याला जी तरतरी येते तिचं श्रेय एंडॉर्फिनला द्यायची पद्धत आहे. ते इतकं सरळ नाही. अफूच्या खोबणी औषधानं बंद केल्या तरी धावल्यावरचा आनंद टिकून राहिल्याचं माणसांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. त्यात शरीरातल्या भांगेसारख्या रेणूंचा वाटा मोठा असावा, असं आता मानतात.

लहान मूल पडलं की आई गुडघ्यावर फुंकर घालते आणि रडणं थांबतं. आपण म्हणतो, मनाची समजूत. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून नुसतं निष्क्रिय द्रावण दिलं. काहींचं दुखणं खरोखर कमी झालं. मग त्यांना नॅलॉक्सोन दिलं, तेव्हा त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे त्या विश्वासानं मेंदूतली अफू प्रत्यक्ष सुटली होती, आणि तिची जागा अडवल्यावर दिलासाही गेला. पुढे इटलीत फाब्रित्सिओ बेनेदेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तेच वेदनाशामक रुग्णासमोर, सांगून दिलं तर जास्त लागू पडतं. त्याला कळू न देता यंत्रातून सोडलं तर कमी. उलट "आता खूप दुखेल हं" असं सांगून भीती घातली तर कोलेसिस्टोकायनिन नावाचं दुसरं पेप्टाइड पुढे सरसावतं आणि दुखणं वाढवतं. आतड्यात हेच पेप्टाइड पित्ताशयाला आकुंचन पावायला सांगतं. मेंदूत ते अफूच्या विरुद्ध बाजूला उभं राहतं. त्यामुळे मुलांना इंजेक्शन देताना घाबरवणाऱ्यांना मी आता मुद्दाम थांबवते.

आणि आता बाळगोळी. माझी पणजी परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. आजी सांगायची, त्या काळी पाळीला जाताना बायका तान्ह्या पोरांना अफू घातलेली बाळगोळी चाटवून जात. पोर दिवसभर गुंगून पडायचं, आई येईपर्यंत रडायचं नाही. १९२०च्या दशकातल्या मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या पाहणीतही ही प्रथा नोंदलेली आहे. पोरांची वाढ खुंटायची, काही दगावायचीही. त्या आयांना दोष देण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. दहा-दहा तासांची पाळी होती आणि पाळणाघर नव्हतं.

पण ती गोळी नक्की काय करत होती? १९७० च्या दशकाच्या अखेरीला याक पांकसेप यांनी आईपासून दूर केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मॉर्फिनची अगदी थोडी, झोप न आणणारी मात्रा दिली. पिल्लांचं केकाटणं कमी झालं. कोंबडीच्या पिलांतही तेच दिसलं. २००४ मध्ये उलट बाजूनं पुरावा आला. म्यू-ग्राही नसलेल्या उंदरांची पिल्लं आईपासून दूर केल्यावर फारशी ओरडतच नव्हती. आईच्या कुशीत जे समाधान मिळतं ते ज्या खोबणींतून मिळतं, तीच त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे आई गेल्याचं दुःखही पूर्ण पोहोचत नव्हतं. एकटेपणा 'लागतो' असं आपण म्हणतो, घाव लागावा तसा. जखमेच्या वेदनेवरचं रसायन आणि विरहावरचं रसायन मेंदूनं एकच वापरलं आहे. परळच्या चाळीतल्या त्या गोळीनं बाळाच्या मेंदूत थेट आईची जागा घेतली होती.

व्यसनाकडेही इथूनच पाहायला हवं. बाहेरून रोज भरपूर मॉर्फिन किंवा हेरॉइन येऊ लागलं की पेशी जुळवून घेतात, खोबणींचा प्रतिसाद बोथट होतो. मग औषध थांबवल्यावर जे होतं ते भयंकर असतं. नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येतो, झोप उडते आणि मन पोरकं होतं. त्यात भर पडते डायनॉर्फिनची. हेही शरीराची अफूच, पण कप्पा खोबणीवर बसून ते सुखाच्या उलट, उदास आणि नकोसं वाटणं निर्माण करतं. ताण वाढला की सीआरएफ नावाचं ४१ मण्यांचं पेप्टाइड सुटतं आणि ते डायनॉर्फिनला हाक मारतं. नशेतून बाहेर पडू पाहणारा माणूस या दुहेरी माऱ्याखाली असतो. त्याला 'मनानं कमकुवत' म्हणून सोडून देणाऱ्यांनी एकदा हे समजून घ्यावं. दारू सोडण्यासाठी नॅलट्रेक्सोन ही गोळी देतात, तीही अफूच्या खोबणी अडवणारीच. दारूतल्या सुखाचा एक भाग शरीराच्या आतल्या अफूतून येतो, तो कापला जातो.

ऑक्सिटोसिनला प्रेमाचा हार्मोन म्हणू नये असं मी म्हणते त्याचं कारणही आता सांगता येईल. अमेरिकेच्या गवताळ भागात प्रेअरी व्होल नावाचे छोटे उंदरासारखे प्राणी आहेत, ते जोडी जमली की बहुधा एकत्रच राहतात. मादीत ही जोडी घट्ट होण्यात ऑक्सिटोसिनचा मोठा हात आहे, नरात व्हॅसोप्रेसिनचा. त्यांचे चुलतभाऊ असलेले डोंगरी व्होल मात्र एकेकटे राहतात. रेणू दोघांकडे तेच आहेत, मेंदूतल्या ग्राहींच्या जागा वेगळ्या आहेत. शिवाय प्रेअरी व्होलच्या मादीत म्यू-ग्राही अडवले तरी जोडी जमत नाही. म्हणजे ऑक्सिटोसिन एकटं पुरत नाही, अफूची साथ लागते. पिल्लांजवळ आलेल्या परक्यावर आई तुटून पडते त्यातही ऑक्सिटोसिनचा भाग असतो. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारल्यानं माणसं एकमेकांवर जास्त विश्वास ठेवतात, असं २००५ मध्ये गाजलं होतं. पुढे तो प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला तेव्हा तसं दिसलं नाही. ऑनलाइन विकत मिळणाऱ्या 'विश्वासाच्या फवाऱ्या'वर पैसे घालवू नका.

त्या बदली माणसाला म्हशीनं दूध का दिलं नाही, तेही सांगायचं राहिलं. अनोळखी जागी किंवा अनोळखी हाताखाली जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटणंच थांबतं, हे गाईंत मोजलेलं आहे. हा ब्रेक कोण लावतं याचा एक धागा उंदरांत सापडला. पिल्लं जन्मत असताना मादीला घरट्यातून उचलून काचेच्या परक्या पेटीत ठेवलं की ऑक्सिटोसिन घटतं आणि पुढचं पिल्लू यायला वेळ लागतो. तिला नॅलॉक्सोन दिलं की बाळंतपण पुन्हा वेग घेतं. भीतीच्या वेळी मेंदूची स्वतःची अफूच ऑक्सिटोसिनच्या पेशींना आवरून धरते. जागा सुरक्षित नाही, आत्ता पिल्लू बाहेर येऊ नये, असा तो थांबा. म्हशीच्या मेंदूत नेमकी हीच साखळी चालते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, भीतीच्या वेळी सुटणारं अ‍ॅड्रेनलिनही दूध रोखतं. पण 'पान्हा चोरणं' हा शब्द ज्यांनी घडवला त्यांना यातलं मर्म चांगलंच दिसलं होतं. आणि बाळंतिणीजवळ ओळखीचं माणूस असू द्यावं असा आग्रह धरणाऱ्या सुईणींनाही.

आईला हाडांत पसरलेला कॅन्सर झाला तेव्हा परळच्या एका रुग्णालयात आमचे बरेच महिने गेले. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या त्या दिवशी मामा मला जिन्यात घेऊन गेला. "अगं, अफू देतायत ताईला. नशा लागेल तिला. एवढी शिकलेली तू, काही बोलत कशी नाहीस?" त्याचे डोळे भरले होते. मी त्याला पायरीवर बसवलं आणि हे सगळं सांगितलं, डुकरांच्या मेंदूपासून. कॅन्सरच्या तीव्र वेदनेत, देखरेखीखाली, बेताबेतानं वाढवलेल्या मात्रेनं व्यसन लागण्याचा प्रकार क्वचित घडतो. शरीराला सवय होते, औषध एकदम बंद करता येत नाही, ते खरं. पण सवय आणि व्यसन या दोन गोष्टी आहेत. जास्त मात्रेनं श्वास मंदावू शकतो, म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतात आणि नॅलॉक्सोन हाताशी असतं. बद्धकोष्ठ मात्र होणारच, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू करायचं. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं दवाखान्यांना इतकं अवघड झालं होतं की असंख्य रुग्ण त्याविनाच गेले. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि परवान्यांची कटकट कमी झाली. ज्या देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, त्या देशात माणसं कण्हत मरावीत हे मला सहन होत नाही.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तिच्याकडची संपली, म्हणून बाहेरून भरायची." अगदीच तसं नव्हे, पण मी मान हलवली.

रात्रपाळीला एक सिस्टर होत्या. त्या कधीही नुसती गोळी हातावर ठेवून गेल्या नाहीत. आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "काकू, दुखणं थांबायचं औषध देतेय हं. घ्या, मी आहे इथेच." मॉर्फिनच्या गोळीला काम सुरू करायला अर्धा तास तरी लागतो. आईच्या कपाळावरच्या आठ्या गोळी गिळून पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आतच सैल व्हायच्या.